दुधाचा हात लागलेलं सूत

कुरिअरवाला आला तेव्हा मी कापसावर बसले होते. खरोखरच. आमच्या मधल्या खोलीत कापूस भरला की पलंग, खुर्च्या आणि माणसं कडेकडेनं राहतात, आणि माझ्यासारखीला टेकायला तोच ढीग उरतो. सही घेताना त्यानं विचारलं, "काकू, काय मागवलं एवढं?"

"सूत," मी म्हटलं. "कापसाचं."

त्यानं पार्सलवरचा तमिळनाडूचा पत्ता बघितला, माझ्या बुडाखालचा ढीग बघितला आणि मुकाट्यानं निघून गेला. शहाणा माणूस. मला मात्र जो राग आला तो आजपर्यंत पुरता उतरलेला नाही. पेरायचं आम्ही, वेचताना बोटं फाडून घ्यायची आम्ही. मग जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, गाठी ट्रकवर चढतात आणि कुठं जातात ते आमच्यापैकी कुणी विचारत नाही. आमच्या रिठदच्या बाजारात फिरून बघा, रंगवण्याजोगी पांढऱ्या सुताची एक लड मिळाली तर मला सांगा.

सूत माझ्या पुतणीसाठी होतं. तिची आई, म्हणजे माझी जाऊ, पोर शाळेत होती तेव्हाच गेली. तेव्हापासून ती माझीच. दिवाळीला सासरहून आली आणि म्हणाली, परत जात नाही. नवरा मारत नव्हता, हे आमच्याकडे फार मोठं प्रशस्तिपत्र समजतात. पण तिचा फोन सासू कपाटात कुलूप लावून ठेवायची, आणि तिनं कुणाशी बोलायचं ते नवरा ठरवायचा. "तिथं मले श्वासही इचारून घ्या लागते, मोठीमाय," ती मला म्हणाली.

तिच्या बापानं, माझ्या दिरानं, हे सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली. बचत गटाच्या शिबिरात ती सूत रंगवायला शिकली होती. नागपूरच्या एका विणकर बाईंनी तिला सांगितलं होतं की पळसाच्या फुलांत रंगवलेल्या लडी पाठव, सगळ्या एकसारख्या निघाल्या तर कायमचं काम देते. दीर म्हणाला, "लडी जमल्या तर राहाय. नाही जमल्या तर होळीच्या आधी सासरचे येतीन, त्यांच्यासंग मुकाट्यानं जाय." घरात बसलेल्या प्रत्येकानं मान हलवली. बैल विकत घेताना दात बघतात, तशी पोरीची परीक्षा ठरली. मी तेव्हा भाजी निवडत होते. मेथीच्या काड्यांवर मात्र राग काढला. त्या दिवशीची भाजी कुणाला पुरली नाही.

पळस फुलला तशी आम्ही दोघी फुलं गोळा करायला लागलो. पण रंगाच्या आधी तिनं ते पांढरंशुभ्र सूत धुण्याच्या सोड्यात उकळायला ठेवलं. तासाभरात पाणी चहासारखं झालं.

"एवढा मळ? नवं सूत हाय नं हे?" मी विचारलं.

"मळ नोहे. कापसातलं मेण हाय. ते निघाल्याबिगर सूत पाणी पीत नाही, मंग रंग काय पिईन?"

मी मान डोलवली, जणू मला माहीतच होतं. खरं तर सगळा जन्म मी देवासाठी कापसाची वस्त्रं केली. कापसाचा पेळू ओढायचा, मध्ये मणी वळायचे, कुंकवाचा हात लावायचा. निरांजनासाठी फुलवाती वळल्या. कोरी वात पाण्यात टाकली तर तरंगते, हेही बघितलं होतं. पण ती का तरंगते, हे कधी मनात आलं नाही. मग पोरीनं ढिगातला चिमूटभर कापूस घेतला, सरकी काढली, बोटांनी ओढत ओढत पीळ दिला आणि दोन्ही टोकं धरून ताणलं. तुटलं नाही. "झालं सूत," ती म्हणाली. "ओढ आन पीळ, बाकी काही नसते." मीही करून पाहिलं. माझं सूत एका जागी शेवईसारखं आणि दुसऱ्या जागी गांडुळासारखं निघालं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण हातात कला आहे असा माझा समज. उकळून वाळवलेल्या लडींवर मला जागोजागी धागे पिंजारलेले दिसले. ती फुलं आणायला गेली होती. फुलवातीचं टोक ताठ राहावं म्हणून आम्ही दुधाचं बोट लावतो. मी वाटीत दूध घेतलं आणि मायेनं, सावकाश, जिथं जिथं धागा उठला होता तिथं तिथं दुधाचा हात फिरवून बसवला. फार छान दिसत होतं.

रंगातून लडी बाहेर आल्या त्या पिवळ्या, आणि त्यांच्यावर जागोजागी गडद केशरी ठिपके. माझी बोटंच उमटली होती. पोरीनं लडी तशाच अंगणात दोरीवर टाकल्या.

नेमके त्याच दुपारी तिचे चुलतसासरे गाडी घेऊन आले. ओसरीवर बसले, चहा घेतला आणि दोरीकडे बघून हसले. "हे कायचं काम होय? गोवर निघाल्यावानी दिसून राह्यलं."

दीरही हसला. ते हसणं मी विसरणार नाही. मग आत बघून म्हणाला, "जमलं नाही नं? ठरलं होतं तसं. चाल, सामान बांध."

मी पदर खोचून बाहेर आले. रागात माझा आवाज शिट्टीसारखा बारीक होतो, म्हणून घरात कुणी तो मनावर घेत नाही. त्या दिवशी घ्यावा लागला.

"भाऊजी, ते डाग माह्या हातचे हायेत. तुमी जल्मभर कापूस पिकवला, एक हात सूत तरी काढता येते तुमाले? मले येत नाही. या पोरीले येते. आन तुमी तिले लडीवर तोलून राह्यले? लडी बिघडल्या म्हून ते कपाटाचं कुलूप खोटं झालं काय?"

"तू आत जाय," आमचे हे म्हणाले.

"नाही जात. आज तुमी जा."

पोरगी मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. दोरीवरची लड हातात घेऊन ती ठिपक्यावर नख फिरवत होती.

"मोठीमाय, हे कायचे हात होते?"

"दुधाचे," मी म्हटलं. खोटं बोलायचा विचार मनात येऊन गेला होता.

"तिथंच रंग पक्का धरला." ती चुलतसासऱ्यांकडे वळली. "तुमी चहा घेतला नं? मंग निघा. मी येत नाही."

इतक्या शांतपणे म्हणाली की त्यांना भांडायलाही जागा उरली नाही. गाडी रिकामी गेली. दीर त्या दिवशी जेवला नाही. मी वाढलंही नाही.

एवढ्या सुताला दूध कुठून आणायचं? पण सोयाबीनची पोती तर भिंतीला लागून होतीच. तिनं सोयाबीन रात्रभर भिजवलं, मिक्सरमध्ये वाटून दूध गाळलं आणि पार्सलातल्या उरलेल्या कोऱ्या लडी उकळून, त्यात बुडवून, वाळवून, मग रंगात टाकल्या. टोकापासून टोकापर्यंत एकसारखं केशरी निघालं. नागपूरच्या बाईंनी काम दिलं.

परवा ओसरीवर पाहुणे होते आणि दीर त्यांना सांगत होता, "पोरीले म्याच म्हटलं, जाऊ नको, सोताचं काही कर." आम्ही दोघी अंगणात ओली लड दोन काठ्यांमध्ये अडकवून पिळत होतो. मी काठी फिरवतच गेले.

"मोठीमाय, हळू," पलीकडून पुतणी म्हणाली. "ते सूत हाय. बाबाची मान नोहे."

मी हात सैल केला. थोडासाच.