देवाला तारीख विचारायची राहिली

आमच्या आयेचे गुडघे आणि सिंगापूरची सीमा यांची एके काळी शर्यत लागली होती. सीमा आधी उघडते की गुडघे आधी बंद पडतात, एवढाच प्रश्न होता. गुडघे आमच्या हातात नव्हते, सीमा तर नव्हतीच. पण शर्यत म्हटली की कुणीतरी मध्ये उभं राहून हातवारे करावे लागतात, आणि ते काम मला आवडतं. गावच्या हौशी नाटकात तीस वर्षं राजाचं काम मीच करत आलोय. बाकीच्या वेळी हायस्कुलात भूगोल शिकवतो.

आये म्हणजे माझी आई. वय तेव्हा बाहत्तर. मिठबाव आणि कुणकेश्वर यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं घर, आणि त्या घरातून ती कधी कोल्हापूरच्या पलीकडे गेली नव्हती. माझे वडील मात्र बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. वर्षातले नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. ते आले की आठ दिवस घराला परदेशी साबणाचा वास असायचा. आये तो साबण वापरायची नाही, लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. आम्ही शाळेतून आलो की ट्रंक उघडून एकेक दीर्घ श्वास घ्यायचो आणि झाकण पुन्हा लावून टाकायचो. आजही कुठे तसला वास आला तर मला वाटतं, अंगणात वडिलांची पेटी उतरतेय.

वडिलांना पत्र लिहायचा कंटाळा. ते फोटो पाठवायचे आणि मागे फक्त तारीख टाकायचे. एकदा आयेनं विचारलं, "दोन अक्षरां जास्त लिवलास तर शाई संपता काय?"

"तारीख बघलंस की समाजता मां," ते म्हणाले, "त्या दिवसा मी जितो होतंय."

त्यांतला एक फोटो सिंगापूरचा. कमरेवर हात, उन्हानं डोळे बारीक, आणि मागे सिंहाचा पांढराशुभ्र पुतळा. कमरेखाली मात्र तो मासा, आणि तोंडातून पाण्याची चूळ. आये मासेवाल्यांच्या घरातली. तिनं फोटो उजेडात धरला, वाकडा करून पाहिला आणि निकाल दिला.

"असो मासो नाय आसता."

"आसता तर. पुढच्या खेपेक तुका दाखवतंय."

पुढची खेप तीस वर्षं पुढेच राहिली. वडील निवृत्त झाले, घरी बसले, आणि एका श्रावणात गेले. आये रडून झाल्यावर मला म्हणाली, "तो मासो ऱ्हवलो." तेव्हाच मी मनात ठरवलं, हिला मासा दाखवायचा.

आणि मग महामारी आली.

सीमा म्हणजे काय, हे मला त्या पहिल्या वर्षी माझ्याच आईनं शिकवलं. मी एका लग्नाला ठाण्याला गेलो आणि तिथेच अडकलो. दोन महिन्यांनी पास मिळवून गावाच्या शिवेवर उतरलो, तर रस्त्यात बांबू आडवा. बांबूच्या पलीकडे खुर्ची टाकून आये बसलेली. ती बचत गटाची अध्यक्ष, म्हणून गावानं केलेल्या समितीत तिला घेतलं होतं.

"पास आसा माझ्याकडे," मी म्हणालो.

"तो जिल्ह्याचो. गावाचो खंय?"

"आये, मी तुझो झील."

"म्हणान तर खुर्चीवरसून उठलंय. दुसऱ्याक बसल्याबसल्या सांगतंय. चौदा दिवस शाळेत."

शाळा म्हणजे माझंच हायस्कूल. मी माझ्याच वर्गात, मुलांच्या बाकावर, चौदा दिवस. त्या बाकावर कर्कटकानं कोरलेलं एक चित्र सापडलं. मिशा माझ्या होत्या, शेपटी माकडाची. चित्र चांगलं होतं, म्हणून मी ते आजवर खरवडलेलं नाही. आठव्या दिवशी चौदाचे अठ्ठावीस झाले. दहाव्या दिवशी पुन्हा चौदा. आये शाळेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जेवणाचा डबा ठेवून चार हात मागे सरायची, मग मी पुढे व्हायचो.

"कोण ठरवता ह्या?" मी विचारलं.

"आमी."

"कशावरून?"

"सकाळी मोबायलवर कायतरी येता. मगे आमी भियातव. मगे ठरवतव."

जगातल्या सगळ्या सरकारांचं कामकाज मला त्या गडग्यापाशी कळलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बातमी आली, सिंगापूर लस घेतलेल्यांसाठी थोडं थोडं उघडतंय. ठरावीक विमानं, जाण्याआधी चाचणी, उतरल्यावर चाचणी. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आयेच्या गुडघ्यांचे फोटो पाहून सांगितलं की वर्षभर कसेबसे चालतील, पुढे बदलावे लागतील. आये बदलायला तयार नव्हती. म्हणाली, "दात बदललंय, चष्मो बदललंय. पाय पण बदललंय तर वर गेल्यावर हे माका वळाखतीत कशे?"

म्हणजे जायचं तर लगेच. पण आमच्याकडे मोठं काम काढायचं तर आधी देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालणारा गावकर माझा बालमित्र. त्याला प्रश्न मी सांगणार होतो, आणि मी म्हणजे राजा. रात्रभर मनात घोळवून मी असा काही प्रश्न रचला की देवळात त्याचा घुमारा उठला.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान जल्मात एक इच्छा धरली आसा, म्हाराजा. जेच्या घोवान सात समुद्र पालथे घातले, ती आज पाण्यापलीकडे जाऊक बघता, म्हाराजा. तिका जाऊक सांगतंस तर उजवो कळो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

उजवी कळी टपकन पडली. आयेनं हात जोडले. माझ्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे संवाद चांगला झाला होता.

मी त्याच दिवशी तिकिटं काढणार होतो. आयेनं अडवलं. "जत्रा झाल्याशिवाय नाय. देवान जाऊक दिल्यान, तर तेची जत्रा चुकवून तिकिटाच्या मागे धावतलंस?" आमच्या देवाची जत्रा डिसेंबरात. त्याआधी गावात कुणी बाहेरगावच्या कामाला हात घालत नाही. आम्ही थांबलो. जत्रा झाली, ओट्या भरल्या, मालवणी खाजं खाल्लं, आणि दुसऱ्या सकाळी मी कणकवलीला एजंटाकडे हजर झालो. तो माझ्याकडे बघून खुर्चीतच खाली सरकला.

"सर, काल आला असता तर मिळाली असती. नवीन विषाणू आलाय म्हणे. आजपासून नवी तिकिटं बंद."

"कधीपर्यंत?"

"ते त्यांनाच माहीत नसणार."

घरी येऊन सांगितलं. आयेनं पदर खोचला आणि ती तडक गावकराच्या घरी गेली. मी मागोमाग.

"देवान उजवो कळो दिल्यान मां?"

"दिल्यान, काकी."

"मगे सीमा बंद कशी झाली?"

गावकरानं पान जुळवायचं थांबवलं. "काकी, जाऊ काय म्हणान इचारलास. देवान जा म्हटल्यान. कधी ता इचारलास काय?"

आयेनं वळून माझ्याकडे पाहिलं. सात समुद्र होते, पाण्यापलीकडे होतं, जल्माची इच्छा होती. तारीख नव्हती. भूगोलाच्या मास्तरानं देवाला जागा सांगितली आणि वेळ सांगायची विसरला.

"परत इचारूया," मी हळूच म्हणालो.

"एकदा हो म्हटलेल्या देवाक परत इचारूचा नसता," आये म्हणाली. "तो काय तलाठी आसा, रोज जाऊन काय झाला म्हणान इचारूक?"

तिची बॅग तेव्हापासून दाराआड भरलेली राहिली. त्यात नवे कापडी बूट, शाल, कुळथाचं पीठ, सोलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फोटो. मी रोज सकाळी फोनवर नियम वाचून दाखवायचो. आज अमुक देश यादीत, उद्या बाहेर. आज दोन चाचण्या, उद्या एक. बॅगेत लाडूही होते, ते माघात खाऊन टाकले. एकदा कळलं की लसीच्या दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख लागते, नुसतं साल चालत नाही. आता आयेची जन्मतारीख कोण सांगणार? तिला शाळेत घालणाऱ्या गुरुजींनी गावातल्या निम्म्या पोरांना दिली तीच तिलाही दिली होती, एक जून. पासपोर्टावर तीच होती. दाखल्यावर ती चढवायला मला तीन आठवडे लागले.

तिच्या गुडघ्यांचा हिशेब मी पावलांवर ठेवला होता. जत्रेला ती किनाऱ्यापर्यंत जाऊन यायची. शिमग्याला विहिरीपर्यंत. चैत्र लागला तेव्हा अंगणातल्या तुळशीपर्यंत, आणि तिथेही कठड्याला धरून. मी फोनवर नियम वाचायचो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिची पावलं मोजायचो. एकदा वैतागून मी त्या परक्या सरकारला दोन शिव्या घातल्या. ती म्हणाली, "गप ऱ्हव. थय पण कोणतरी माझ्यासारखी खुर्ची घालून बसली आसतली. तिका पण सकाळी मोबायलवर कायतरी येत आसतला."

एप्रिल संपता संपता ठरावीक विमानांची अट गेली, चाचण्याही गेल्या. लस आणि दाखला एवढं पुरे. मी कुणाला न विचारता तासाभरात तिकिटं काढली. निघताना गावकर आला. या वेळी त्यानं गाऱ्हाण्यात तारीख सांगितली, वार सांगितला, गोव्याहून मुंबईचं आणि मुंबईहून पुढचं, अशा दोन्ही विमानांच्या वेळा सांगितल्या. "उशीर झालो तर तो पण धर म्हाराजा," असंही वर जोडलं.

विमानतळावर आयेनं चाकाच्या खुर्चीला आधी नकार दिला. मग त्या खुर्चीला रांग लागत नाही हे पाहिल्यावर तिनं सुनेच्या कानात विचारलं, "ही घराक नेतत काय गो?"

सिंगापूरला काचेमागे मास्क लावलेली एक तरुण बाई बसली होती. आयेनं मला चिमटा काढला. "बघ. सांगलंय मां, खुर्ची घालून बसली आसतली म्हणान." बाईनं पासपोर्ट पाहिला, दाखला पाहिला, आयेकडे पाहून मान हलवली आणि पासपोर्ट परत दिला.

आयेनं तो तिथेच उघडला. मुंबईला निघताना मारलेला शिक्का सोडला तर सगळी पानं कोरी. "शिक्को खंय?"

मी चौकशी केली. आता शिक्का मारत नाहीत, सगळं संगणकात असतं. वडिलांचे दोन पासपोर्ट घरी होते, शिक्क्यांनी निळे-जांभळे झालेले. लहानपणी आम्ही त्यावरून देश ओळखायचो, माझा भूगोल तिथून सुरू झाला. आयेनं आपला पासपोर्ट मिटून मांडीवर ठेवला. "मगे मी इल्लंय ता कळतला कसा?" ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी आम्ही पाण्याकाठी गेलो. मासा होता. सिंह होता. तोंडातून चूळ होती. आयेनं पिशवीतून वडिलांचा फोटो काढला आणि समोर धरला. मग म्हणाली, "हयसर नाय."

"तोच आहे, आये."

"मासो तोच. जागा ही नाय. हेंच्या मागे पूल नाय."

मी तिथली पाटी वाचली आणि मला हसू आवरेना. मधे पूल बांधल्यावर मासा दिसेनासा झाला, म्हणून त्यांनी अख्खा मासा उचलून इकडे आणला होता. माणसांना अडवणाऱ्या नियमांपुढे मासा मात्र निवांत जागा बदलून बसला होता. आम्ही खुर्ची ढकलत पुलापलीकडे गेलो, फोटोतलं वळण शोधत. एका कठड्यापाशी आयेनं हात वर केला. "हय."

ती खुर्चीतून उठली. माझी बायको धरायला पुढे झाली, तिला तिनं बाजूला सारलं. कठड्याला पाठ टेकली, कमरेवर हात ठेवले, उन्हानं डोळे बारीक केले. तुळशीपर्यंत जेमतेम पोचणारे ते गुडघे तिथे चांगली पाच मिनिटं उभे राहिले. बायकोनं फोनवर तिचा फोटो काढला आणि तिला दाखवला.

"फोनातलो काय कामाचो? पेन आसा रे?"

मास्तराच्या खिशात पेन असतंच. तिनं वडिलांचा फोटो उलटा केला, कठड्यावर ठेवला. वर त्यांची तारीख होती, शाई तपकिरी झालेली. मला म्हणाली, "आज काय, सांग. बरोबर सांग. देवाक सांगूक इसारलंस, हेंका तरी सांग."

मी तारीख सांगितली. वार सांगितला. वेळही सांगितली. तिनं चौथीपर्यंतच्या अक्षरात फक्त तारीख लिहिली, वडिलांच्या तारखेखाली, सरळ रेघेत. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली. मग फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि खुर्चीत बसली.

आता ती घराच्या पडवीत असते, तुळस लांबूनच बघते. तो फोटो भिंतीवर आहे, पण उलटा, तारखांची बाजू वर. कुणी पाहुणा विचारतो, मी सुरू करतो आणि कुठे जास्त रंगवलं की ती आतून दुरुस्त्या करते. गोष्ट संपली की पाहुणा नेमका तिला विचारतो, मासा कसा होता म्हणून.

"होतो," ती म्हणते. "पण असो मासो नाय आसता."