नानांची फुलांची चौकट

जळगावात छापखाना चालवणारे उखर्डूभाऊ गिऱ्हाइकाला फुकट सल्ला देत आणि तो ऐकला नाही की भडकत. १९३६ साली फैजपूरच्या पंडितनानांनी केळीच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर त्यांना स्वतःचा फोटो हवा होता, भोवती फुलांची चौकट.

अशी चौकट मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, म्हणून उखर्डूभाऊ ओरडले, "नाना, हाई चौकट मरेल माणूसनी शे!"

पण नानांचा हट्ट म्हणजे हट्ट.

पुस्तक गावोगाव पोचलं आणि नानांच्या घरी माणसं दुखवट्याला येऊ लागली. दार उघडायचे खुद्द नाना! रडणं थांबून हसणं सुरू व्हायचं आणि जाताना प्रत्येक जण एक प्रत विकत न्यायचा.

महिन्यात पुस्तकं संपली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी उखर्डूभाऊंनी विचारलं, "आता तरी चौकट काढू ना?"

"राहू द्या," नाना म्हणाले, "यावलकडचे अजून यायचे आहेत."