जूवरच्या माहेरवाशिणी

दामूकाकाएवढा तोंडाळ माणूस आमच्या तारापूरच्या किनाऱ्यावर शोधून सापडायचा नाही. पण जूजवळ होडी आली की हाच माणूस मुका व्हायचा. जू म्हणजे खाडीतलं एवढंसं बेट. तिवरांची दाटी, मधे देवीची घुमटी आणि पावसाळ्यात फांदीफांदीवर बगळ्यांची घरटी. आमच्या बायका त्या बगळ्यांना माहेरवाशिणी म्हणतात, देवीकडे बाळंतपणाला आलेल्या. माहेरवाशिणीवर कोण आवाज चढवतं? म्हणून तिथे इंजिन बंद, तोंडही बंद. बोईसरहून फिरायला आलेल्यांना काका डोळे वटारून सांगायचा, "गप ऱ्हावा! पोरी बाळंत हायत."

गेल्या रविवारी मेहुल नावाचा एक जण भलामोठा कॅमेरा घेऊन आला. देवीला नारळ द्यायला मीही होडीत होते. जूजवळ पोचलो, पण बगळे काही उडेनात.

"काका, उडवा ना जरा."

"नाय रे बाबा," काका कुजबुजला. "तसं करीत नाय आमी."

"बरं, मग जाळ्यात मासे कसे हाकलता, ते तरी सांगा."

झालं! कामाचं विचारलं की काकाची कळी खुलते. त्याने वल्हं उचललं आणि होडीच्या फळीवर दाणदाण आपटलं. "असं! मंग मासा जाल्यात..."

पुढचं तोंडातच राहिलं. अख्खं जू उडालं. घरट्यांतली पिल्लं टपाटप चिखलात पडली. कावळे, घारी तुटून पडल्या. तो मेला मेहुल फोटोच काढत होता! मी त्याला नाही नाही ते बोलले. काका मात्र वल्हं हातात तसंच धरून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, तर अर्धी घरटी ओस पडलेली.

काकाने अन्न सोडलं. हंसाकाकीने विचारलं तर म्हणाला, "बरं वाटत नाय."

त्याच आठवड्यात त्याची मोनाली सरावलीहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, मला जूवर नेशील ना? माझ्या मैतरणी आल्या असतील."

काका माझ्याकडे बघायला लागला. खाडीला पाणी जास्त आहे म्हणाला असता, तर मीही मान डोलावली असती.

"त्या गेल्या, बाय," तो म्हणाला. "मीच हाकलल्या. पोरांसकट."

मोनालीने त्याच्या हातातला हात हळूच काढून घेतला आणि पोटावर ठेवला.