जमिनीवरचा बेल

आमचं डिझाइनचं ऑफिस बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये आहे. तिथे मला पहिली नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच होते, आणि त्या नोकरीचे उपकार मी फार दिवस डोक्यावर घेऊन वावरले. मीटिंगमध्ये कमी बोलायचं, सांगतील ते मन लावून करायचं, एवढंच मला कळत होतं.

जे. पी. नगरजवळच्या एका नव्या हॉस्पिटलचं काम आलं. आत आलेल्या माणसाचा जीव घाबरा होऊ नये आणि वाट न विचारता सापडावी, असं काहीतरी त्यांना हवं होतं. मला आई आठवली. ती दुसरीपर्यंत शिकलेली. पाटी इंग्रजीत असो की कन्नडमध्ये, तिला सारखीच. म्हणून मी सुचवलं, प्रत्येक विभागाला एक पान देऊ या. डोळ्यांना आंबा, हाडांना वड, हृदयाला बेल. बेलाचं त्रिदळ लांबूनही ओळखू येतं. सगळ्यांना ते आवडलं.

पानं मी भिंतीसाठी काढली होती. आमचे प्रमुख म्हणाले, आजारी माणूस खाली बघत चालतो, पानं जमिनीवर हवीत. त्यांचं खरंच होतं. माझ्या मात्र अगदी ओठांवर आलं होतं की पूजेतला बेल खाली पडला तर आमच्याकडे तो उचलून कपाळाला लावतात. मीटिंगच्या त्या काचेच्या खोलीत ते गावठी वाटलं असतं. मी वहीत लिहून घेतलं : जमिनीवर.

स्टिकर लागले त्या आठवड्यात तिथे सफाई करणाऱ्या अक्का माझ्याकडे आल्या. फरशी पुसताना त्या प्रत्येक पानाला वळसा घालत होत्या. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, हे बिल्वपत्रच ना, मग यावर पाय कसा द्यायचा?

मी म्हणाले, "अक्का, नुसतं स्टिकर आहे."

त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पुन्हा वळसा घालून पुसायला लागल्या.

पुढे काही महिन्यांनी आईला चालताना धाप लागायला लागली. मी तिला बेंगळुरूला आणलं आणि त्याच हॉस्पिटलात हृदयाच्या इको तपासणीची वेळ घेतली. दाराशी तिला म्हटलं, तू पानं बघत पुढे हो, मी कागदपत्रं करून येते. खरं तर ती एकटी पोचते का, ते मला बघायचं होतं. तिच्यासाठीच तर केलं होतं सगळं.

मी हृदयविभागात पोचले तेव्हा ती तिथे नव्हती. तिचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. शोधता शोधता ती सापडली इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, आम्हीच आखलेल्या शांत कोपऱ्यात. नेचे, गोटे, बारीक वाहणारं पाणी आणि बाकावर आई, दोन्ही चपला हातात घेऊन. भिंत धरून, खाली न बघता ती चालत राहिली होती आणि वळण चुकलं होतं. धापेनं तिला धड बोलताही येत नव्हतं.

"पायाखाली बेल घालून काळजाची काय तपासणी करायची गं?" दम जरा बसल्यावर ती म्हणाली. मग विचारलं, "कुणी केलं हे?"

"ऑफिसनं."

"त्यांच्यात सांगणारं कुणी नव्हतं का?"

मी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

पुढची वेळ चार दिवसांनी मिळत होती. तिनं नको म्हणून डोकं हलवलं आणि दुसऱ्याच दिवशी गावाकडे जायचा हट्ट धरला. तपासणी शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, काही महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं.

त्यानंतर मी ऑफिसात सांगितलं. कुणी हसलं नाही. प्रमुखांनी एवढंच विचारलं, हे तेव्हाच का नाही बोललीस? पानं भिंतीवर गेली. जमिनीवरची खरवडून काढताना त्या अक्का एक वेगळी पिशवी घेऊन आल्या होत्या; कचऱ्याच्या डब्यात त्यांनी एकही तुकडा जाऊ दिला नाही.

आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. पानं भिंतीवर लावली, हे मी तिला फोनवर सांगितलं. बरं केलं त्यांनी, असं ती म्हणाली. ती पानं मीच काढली होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.