उशिरा येईल त्यानं कप धुवायचे

माझा धंदा भांड्यांचा. नवं पातेलं घेताना गिऱ्हाईक जुनं पितळी भांडं मोडीत देऊन जातं. त्यातलं एखादं इतकं देखणं असतं, की वितळवायला पाठवायचं जिवावर येतं. मग ते जातं माळ्यावर. आमच्या पक्षाचे किस्से माझ्याकडं असेच साठलेत. माळा पार भरलाय, तेव्हा चार-दोन खाली उतरवतो.

मी सातवी नापास. राजकारण शिकलो ते काउंटरवर. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पक्षाची शहर शाखा भरायची. भरायची म्हणजे काय, हंडे-घागरी सरकवून माणसं बसायची! काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. पक्षाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल, "हा पक्ष अजून हाय?"

*

शाखेचे अध्यक्ष आमचे वस्ताद. उभी हयात तालमीत गेलेली. उशिरा येणाऱ्या पैलवानानं कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायची, ही त्यांच्या तालमीची शिस्त. तीच त्यांनी पक्षात आणली. आमच्याकडं हौदा नव्हता, पण चहा होता. समोरच्या हॉटेलातनं किटली यायची, स्टीलचे कप माझ्या दुकानातले. नियम एकच : मीटिंगला जो सगळ्यात शेवटी येईल, त्यानं मागच्या नळावर सगळ्यांचे कप धुवायचे आणि मगच चहा ओतायचा. पद, वय, जात, काही बघायचं नाही.

निवडणुका आम्ही नेमानं हरायचो. एकदा वस्ताद स्वतः उभे राहिले आणि सपाटून पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेठेतनं निघाले, तर जो भेटेल तो म्हणतोय, "वस्ताद, मी तर तुमालाच मत दिलतं!" कोपऱ्यापर्यंत हेच. दुकानात आले, स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "अण्णा, मतमोजणी परत मागूया. रस्त्यावर मी निवडून आलोय!"

*

एकदा मुंबईहून पक्षाचे मोठे नेते आले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. प्रदेशाच्या शिस्तपालन समितीचे प्रमुख, आणि कोल्हापूरच्या मीटिंगला आले ते चांगले दोन तास उशिरा! आम्ही हार घेऊन उभे. वस्ताद मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, "पावणं, नळ मागच्या दाराला हाय."

साहेबांना आधी कळेचना. कळलं तेव्हा खो खो हसले. जाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि कप विसळले. चहा पिताना म्हणतात कसे, "मुंबईत मी तीन तास उशिरा जातो, तिथं मला हार घालतात!"

वस्ताद म्हणाले, "म्हणून तर तिथली पक्षाची ही दशा!"

*

शालनताई कांबळे पक्षात आल्या त्या माझ्या काउंटरवरनं. सरकारी दवाखान्यात नर्स. बौद्ध समाजाच्या, वस्तीतल्या चार बायका सोबत घेऊन लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या. मी सांगितलेल्या भावावर त्या नुसत्या हसल्या. मग दोन दुकानं पुढचा भाव सांगितला, त्याच्या पुढचा सांगितला, आणि शेवटी म्हणाल्या, "अण्णा, तुमचं बी पोट हाय, ते आमी धरलंय हिशोबात." मी गार! त्या गेल्यावर वस्तादांना म्हटलं, "ह्या बाईला पक्षात घ्या. दुसऱ्या कुठल्या पक्षात गेली तर आपलं काय खरं न्हाई."

पहिल्याच मीटिंगला कुणीतरी सवयीनं कप त्यांच्यापुढं सरकवले. बाई म्हणून. ताईंनी शांतपणे विचारलं, "मी तर सगळ्यांच्या आधी आलोय. शेवटी कोण आलं?"

शेवटी आले होते वस्ताद! म्हातारा उठला, धोतर खोचलं आणि नळाकडं गेला. परत येऊन ताईंना म्हणाला, "पोरी, तू सरचिटणीस."

*

आणि एकदाचा आमचा आमदार झाला! जिल्ह्यातला पक्षाचा पहिला आणि एकुलता एक. राजाभाऊ. बिद्रीकडचा, मोठ्या शेतकरी घरातला, वस्तादांच्या भावकीतला. गडी उमदा. त्या निवडणुकीत शालनताई ड्युटी संपवून वस्त्या-वस्त्यांतनं फिरल्या. गुलालात माखलेला राजाभाऊ ट्रकवरनं माइकमध्ये ओरडला, "शालनताई नसती, तर आज मी नसतो!" ट्रकवर चढायला मला दोघांनी ढकललं होतं. तिथं उभा राहून ऐकलंय मी हे.

आमदार झाल्यावर राजाभाऊला उशीर व्हायला लागला. पहिल्यांदा हौसेनं कप धुतले, वर फोटोही काढून घेतला. दुसऱ्यांदा पी.ए.ला म्हणाला, "जा रे, धू."

वस्तादांनी पी.ए.चा हात धरला. "हा येळंवर आलाय. उशिरा तुम्ही आलासा."

*

मग तो दिवस. शालनताईंना दवाखान्यात बाळंतपणाच्या केसनं अडकवलं, त्या शेवटी आल्या. आल्या त्या तशाच नळावर. कप धुतले, चहा ओतला, एकेकाच्या हातात दिला. राजाभाऊनं आपला कप मागं सारला.

"ह्यांच्या हातचं आता आमी तोंडाला लावायचं व्हय? पक्षात घेतलं म्हंजे काय डोक्यावर घेतलं?" त्यापुढं ताईंच्या जातीचं नाव घेऊन जे बोलला, ते मी लिहीत नाही.

शालनताईंनी तो कप उचलला. उभ्या-उभ्या, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा पिऊन टाकला. म्हणाल्या, "चहा वाया घालवू ने." मग वस्तादांकडं वळल्या. "अध्यक्ष, पोलिसांत जायचं का न्हाई, ते मी माझं बघीन. आधी मला बघायचंय, माझा पक्ष काय करतोय. हा विषय अजेंड्यावर घ्या."

राजाभाऊ ताडकन उठला. "अवं, मस्करी केली!"

वस्ताद म्हणाले, "मस्करी व्हती तर हसलं कोण? एक तरी नाव सांग."

*

राजाभाऊवर कारवाई व्हावी, असा ठराव त्याच बैठकीत झाला. सगळे हात वर. पण आमदाराला निलंबित करायचा अधिकार मुंबईचा. शाखेनं फक्त शिफारस करायची. तिथनं फोन आला, माझ्या काउंटरवरच्याच फोनवर. पलीकडं प्रदेश कार्यालयातले कुणी मोठे पदाधिकारी. आवाज एवढा, की रिसीव्हर वस्तादांच्या कानाला आणि ऐकू मला येतंय!

"अहो, आख्ख्या जिल्ह्यात तुमचा एकच आमदार! त्याच्यावर कारवाई करता?"

वस्ताद म्हणाले, "एकच हाय म्हणून तर सोपं हाय. एका ठरावात सगळ्या आमदारांचं काम झालं!"

भावकीतले लोक वस्तादांच्या दारात बसले. "आपल्या माणसाला बुडवता व्हय, वस्ताद?" वस्ताद उंबऱ्यात उभे राहिले. "शालन बी आपलंच माणूस हाय. बुडवलं त्येनं, मी न्हाई."

*

माझ्याकडंही एकजण आला. राजाभाऊचा कार्यकर्ता, गळ्यात सोन्याची चेन. काउंटरवर हात आपटून म्हणाला, "अण्णा, पेठेत धंदा करायचा हाय न्हवं?"

म्हटलं, "करायचाय की! बोल, काय दाखवू?"

तो बावचळला. तेवढ्यात मी तांब्याचं घंगाळ पुढ्यात ठेवलं. बोलता बोलता कळलं, बहिणीचं लग्न ठरलंय. धमकी द्यायला आलेला गडी घंगाळ, परात आणि समईची जोडी घेऊन गेला. जाताना तेवढं म्हणाला, "शालनताईंना सांगू नका. माझ्या वहिनीचं बाळंतपण त्यांनीच केलतं."

*

राजाभाऊनं निरोप धाडला : साडी-चोळी घेऊन ताईंच्या घरी येतो, पाया पडतो, मिटवून टाकूया. आमच्याकडं भांडणं अशीच मिटतात. दोघं-तिघं म्हणालेही, "घ्या की ताई, आमदार दारात येतोय!"

ताई म्हणाल्या, "घरात बोलला असता, तर घरात माफी घेतली असती. बोलला मीटिंगात. साडी मीटिंगात नेसू का काय मी?"

*

सुनावणीला मुंबईहून साहेब येणार होते. आमचं अवसान गळालेलं. वाटलं, आमदार राखायला येतायत, आपल्यालाच चार शब्द सुनावून जातील. मी सकाळी दुकान उघडायला गेलो, तर पायरीवर साहेब बसलेले! एकटे. गाडी लांब उभी केलेली.

"साहेब, इतक्या लवकर?"

"अण्णा, तुमचा नळ माझ्या चांगला लक्षात आहे!"

सगळ्यांचं ऐकून घेतलं. राजाभाऊनं सांगितलं, की आपण मतदारसंघ बांधलाय, पुढची निवडणूक तोंडावर आहे, आपल्याशिवाय ही जागा येत नाही. साहेबांनी एवढंच विचारलं, "हे सगळं खरंय. पण ते बोललात का?" राजाभाऊ परत मतदारसंघावरच आला. साहेबांनी तिथंच निलंबन सांगितलं. परत यायचं असेल, तर ज्या खोलीत बोलला त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, तोंडानं माफी मागायची. तोवर पक्षाचं दार बंद.

राजाभाऊ गेला. पुढच्या निवडणुकीत तो अपक्ष उभा राहून पडला, आणि आम्हीही पडलो. आमदारकी गेली ती गेलीच. पेठेत लोक विचारायचे, "अण्णा, काय मिळवलं?" मी म्हणायचो, "घरातलं भांडं घरातल्यांनीच घासलं. शेजाऱ्याला हाक मारावी लागली न्हाई!" छाती फुगवून म्हणायचो. अजूनही म्हणतो.

*

ह्याला बरीच वर्षं झाली. शतक पालटलं, माझ्या दुकानात पितळेच्या जागी नॉनस्टिक आलं. वस्ताद थकले, शालनताई शहराध्यक्ष झाल्या. मीटिंग मात्र तिथंच, कप तेच.

एका रविवारी मीटिंग होती. मी काउंटरवर बसलेलो. समोरच्या हॉटेलात बाकावर राजाभाऊ दिसला. एकटा, पी.ए. नाही, गाडी नाही. केस पांढरे झालेले. मीटिंगला अजून बराच अवकाश होता. म्हटलं, येईल आत. पण तो बसूनच. एकेक कार्यकर्ता आत जात होता, आणि हा मान वर करून बघत होता. वस्ताद नातवाचा हात धरून आले, आत गेले. शालनताई आल्या, आत गेल्या. तरी हा बसलेलाच. दोन पोरं पळत-पळत आली. ती आत शिरली, तसा राजाभाऊ उठला, रस्ता ओलांडला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा, आता कोण यायचं ऱ्हायलंय?"

म्हटलं, "कोण न्हाई."

तो आत गेला. कपांचा ट्रे उचलला, मागच्या दारानं नळावर गेला, बाह्या सारल्या. आतपर्यंत पाण्याचा आवाज येत होता. धुतलेले कप घेऊन आला, किटलीतनं पहिल्या कपात चहा ओतला, आणि तो दोन्ही हातांनी शालनताईंसमोर धरला.

"त्या दिवशी ह्याच खोलीत मी तुमाला जातीवरनं बोललो. चुकलं माझं, ताई. सगळ्यांच्या म्होरं सांगतोय."

शालनताईंनी कप घेतला. चहा किटलीत परत ओतला. मोकळा कप खिडकीच्या उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि त्याच्या हातात दिला.

"कडंला साबण ऱ्हायलाय, राजाभाऊ. परत धुवा."

राजाभाऊ वळला आणि नळाकडं चालायला लागला. मागनं वस्तादांचा आवाज आला, "सगळेच घेऊन जा रे!"