ओवाळणीत मागितलेला शब्द

सुभद्रा गेल्याचं मला शाळेत कळलं. शेजारच्या पारूबाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, “बाई, तुमची मैत्रीण गेली.” फळ्यावरचं गणित तसंच टाकून मी निघाले. तापाचं निमित्त झालं म्हणतात. म्हणू देत. माझं मत विचाराल तर तिला वाट बघण्यानं मारलं, आणि त्याहून जास्त आमच्या पुढाऱ्यांनी…

तिचा नवरा शिवराम एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. पलीकडच्या रेडिओवर कैद्यांच्या नावांत त्याचं नाव ऐकल्याचं त्याच्या तुकडीतल्या एकानं घरी येऊन सांगितलं होतं. पुढं आपण त्यांचे कैदी सोडले, त्यांनी आपले सोडले. शिवराम काही आला नाही. सुभद्राचा सवाल साधा होता, “आपुन त्यायची माणसं धाडली, मंग आपली मागायला लाज कशाची?” हा सवाल दिल्लीत विचारायचा असतो, आणि दिल्लीला जाऊ पाहणारी माणसं निवडणुकीत वाटूरच्या फाट्यावर चहाला थांबतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

सत्त्याहत्तरची निवडणूक आली. उमेदवार आला की आमच्याकडे बाया त्याला ओवाळतात आणि तो ताटात काहीबाही टाकतो. सुभद्रा ताट घेऊन निघाली तर सासूच आडवी आली, “नवऱ्याचा पत्ता न्हाई अन् ओवाळायला चाललीस? अपशकुन म्हणतील लोक!”

“ते मेले असं कुणी सांगितलंय का तुमाला? मंग सरका.”

बाई गं, काय तोंड होतं तिचं! टिळा लावून झाला की ताट तसंच धरून उभी राहायची. “दादा, पैसे नको. आमची माणसं परत मागीन, असा शब्द टाका.” चारचौघांत ओवाळून घेतलेला माणूस नाही कसा म्हणेल? जो आला त्यानं शब्द टाकला, पक्ष कुठलाही असो. आणि ही वेडी, ओवाळणीतला शब्द भाऊ मोडत नसतो, असं धरून चालली. निवडून आले भाऊसाहेब. हिनं गावभर गूळ वाटला.

वर्ष उलटलं तरी काही हालचाल दिसेना, तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या बंगल्यावर गेलो. भाऊसाहेब गोड बोलले. “ताई, दोन देशांची आता कुठं मैत्रीची बोलणी चालू झालीत. मधेच हे काढलं तर सगळं बिघडंल. त्यापेक्षा तो गेला असं लिहून द्या, पेन्शनचं मी बराबर करून देतो.”

सुभद्रा उठलीच. “मी नवरा मागितला व्हता, दादा. तुमी तर माझं कुंकूच मागून राह्यले!”

परतीच्या एसटीत मी त्या माणसाला शिव्या घालत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. त्यानंतर ती कुणाच्या दारी गेली नाही…

ती गेली त्या दिवशी मी शाळेतून तिच्या घरी पोचले तर बाया दारात खोळंबलेल्या. सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून? हिरवं नेसवायचं की पांढरं? कुणाची जीभ रेटेना. शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, “हिरवं आणा. अन् चुडा भरा.”

निवडणूक पुन्हा तोंडावर, त्यामुळं भाऊसाहेब हार घेऊन आले. वाकले, हात जोडले. मग सासूबाईंच्या जवळ बसून हळू आवाजात म्हणाले, “आजी, शिवरामची काही खबर?”

“ते तुमी इचारून सांगणार व्हते ना?”

भाऊसाहेबांनी घड्याळात पाहिलं. पुढं परतूरला सभा होती.