ठिगळं मोजणारे चाचा

फोटो हातात आला की आपण आधी माणसं शोधतो. चाचा माणसांकडे बघतच नसत. अंगठ्याने ते होडीतल्यांची तोंडं झाकून टाकत आणि शिडावरची ठिगळं मोजायला लागत. "तोंडाचं काय बघायचं, बाय? जवानीत सगळेच सारखे दिसतात. ठिगळ खोटं नाय बोलत."

आमचा रत्नागिरीत फोटो स्टुडिओ होता. आता तिथे मी झेरॉक्सचं मशीन ठेवलंय आणि पासपोर्टचे फोटो काढते. वडील गेल्यावर माळ्यावर निगेटिव्हचा एक डबा सापडला. नारळी पौर्णिमेनंतर भाट्याच्या खाडीत शिडाच्या छोट्या होड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्यांचे फोटो. वडील दरवर्षी कुणाच्या तरी होडीत बसून ते काढत, पण साल लिहायची त्यांना सवय नव्हती. मी ते छापून काचेखाली मांडले होते. राजीवड्याचे चाचा आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले आणि तिथेच वाकून उभे राहिले. कार्ड विसरूनच गेले. दुसऱ्या दिवशी ते न्यायला आले, तेव्हा घरून चष्मा आणि भिंग घेऊन आले होते.

तिथून पुढे ते दर शुक्रवारी नमाजानंतर येऊ लागले. तरुणपणी त्यांनी अर्ध्या बंदराची शिडं शिवली होती. त्यांची रीत साधी होती. शिडावरची ठिगळं वाढत जातात, कमी होत नाहीत. एकच होडी एका फोटोत तीन ठिगळांची आणि दुसऱ्यात पाच ठिगळांची असेल, तर पाचवाला फोटो नंतरचा. नवं शीड आलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. असं करत त्यांनी नऊ वर्षांच्या शर्यती ओळीने लावून दिल्या. वाचनालयात त्या फोटोंचं प्रदर्शन करायचं मी ठरवलं.

एकदा मी एक फोटो मोठ्या कौतुकाने पुढे केला. चाचा खो-खो हसायला लागले. "अगो, ही होडी आरशातून आली काय? उलांडी बघ." होडी कलंडू नये म्हणून बाजूला जे लाकूड बांधतात, ती उलांडी. आमच्याकडे ती डाव्या अंगाला असते, माझ्या फोटोत उजवीकडे दिसत होती. मी निगेटिव्ह उलटी छापली होती. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोत मी आधी उलांडी बघायला शिकले.

पावसाळा संपता संपता डब्याच्या तळाशी वडिलांनी न छापलेला एक रोल मिळाला, तो मी छापला. त्यातला एक फोटो चाचांनी हातात घेतला आणि त्यांचा अंगठा कधी नव्हे तो तोंडांवरून बाजूला झाला. पांढरंशुभ्र शीड, त्यावर एकच अर्धचंद्रासारखं ठिगळ. "हे मी शिवलेलं. शर्यतीच्या दोन दिवस आधी. सुकाणूवर मोठे भाई आहेत, पुढे दोर धरून मी."

ती शर्यत चाचांचे थोरले भाऊ जिंकले होते. लांब पाण्यात निशाणाची होडी उभी असे, ती डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा आणि परत यायचं. दुसरे आलेले सदूभाऊ म्हणाले, हे निशाणापर्यंत न जाता आतूनच वळले. मोठ्या भाईंनी सगळ्यांसमोर शपथ घेतली. चाचा शिडाआड होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी भावावर विश्वास ठेवला. सगळ्या बंदराने सदूभाऊंना खोटारडा ठरवलं. त्यांनी होडी विकली आणि ते मालगुंडला जाऊन राहिले. भाई आणि ते लहानपणापासूनचे दोस्त, पण पुन्हा बोलले नाहीत.

फोटोत भाईंची होडी वळत होती आणि निशाणाची होडी तिच्या उजव्या हाताला होती.

चाचांनी भिंग घेतलं. "उलटा छापलास काय गो?" त्यांच्या आवाजात केवढी आशा होती! मग त्यांनी स्वतःच उलांडी शोधली. ती डावीकडे होती, जिथे असायला हवी तिथेच.

ते तसेच उठून गेले. तीन शुक्रवार आले नाहीत. वडिलांनी तो रोल का छापला नव्हता, हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. फोटो फाडून टाकावा असंही माझ्या मनात येऊन गेलं. चौथ्या शुक्रवारी चाचा आले, इस्त्रीचा सदरा घालून. म्हणाले, "खाली लिही, ही शर्यत सदूभाऊंनी जिंकली. आणि मला मालगुंडला घेऊन चल. एकट्याने माझे पाय नाय उचलणार."

सदूभाऊ पडवीत खुर्चीवर बसले होते. चाचांना त्यांनी पायरीवरच ओळखलं, पण 'ये' म्हणाले नाहीत. चाचांनी उभ्यानेच फोटो पुढे केला. "तुम्ही खरं बोललात, सदूभाऊ. आम्ही निशाणाला फिरलोच नाय."

सदूभाऊंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "तुझा भाई बघ कसा बसलाय," ते हळूच म्हणाले. "असं सुकाणू धरणारा पुन्हा नाय झाला. बरा हाय ना तो?"

"सहा वर्षं झाली जाऊन."

म्हाताऱ्याचा हात खाली आला. "मला कोणी कळवलं नाय," ते म्हणाले. "मी मातीला आलो असतो रे."

तेव्हा चाचा खाली पायरीवर बसले आणि रडले. सदूभाऊंनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

प्रदर्शन झालं. फोटोखालची ओळ वाचून चाचांच्या घरातले काही जण रागावलेही. चाचा म्हणाले, "रागावतील आणि जेवतील." त्यानंतर दर महिन्याला ते एकटेच एसटीने मालगुंडला जात.

गेल्या मार्गशीर्षात चाचा गेले. बातमी कळताच मी पहिला फोन मालगुंडला केला. सदूभाऊ नातवाच्या गाडीतून आले. मी कबरस्तानच्या फाटकाबाहेर उभी होते. आतलं मला नंतर चाचांच्या मुलाने सांगितलं. सगळ्यांसारखी सदूभाऊंनीही तीन मुठी माती घातली. मग काठी मुलाच्या हातात देऊन ते पुन्हा वाकले, आणखी एक मूठ भरली आणि म्हणाले, "मोठ्या भाईची कबर कुठली, ती दाखव."